चांगल्यातली आण

हॅलो?

हो, मीच. बोल ना चिऊ... आवाज कुठून येतोय तुझा? मागे खणखण कसली चाललीय?

दुकानात? दारूच्या? एकटीच?... नाही गं, हसत नाहीये. तुला त्या दुकानाची पायरी चढताना कधी पाहिलं नाही, म्हणून विचारलं.

हं... दादासाठी. उद्याच्या वाढदिवसाला... हो, हो, कळलं. साठ वर्षं काय रोज रोज होतात का, खरंय.

थांब जरा, गॅलरीत येते. आत ह्यांनी टीव्ही मोठा करून ठेवलाय, काही ऐकू येत नाही... हां, बोल आता.

कुठली घेऊ म्हणजे? मला त्यातलं काय कळतंय?... असतील गं. एक स्वस्त, एक तिच्या सहापट. मग स्वस्तातली घे... अगं, उगाच खर्च कशाला? खरं सांगू का, काहीच घेऊ नकोस. एखादा शर्ट घे.

चिक्कूपणा कसला त्यात! तुझे पैसे, तुझा भाऊ, मी कोण मध्ये पडणारी?... बरं बाई, लाखात एक आहे तुझा दादा. मी कुठं नाही म्हणतेय? पण त्या दोन बाटल्यांत म्हणशील तर काडीचा फरक नसतो.

कोण सांगतं म्हणजे? मी सांगते. ऐक ना. त्या उंच इमारतीची लिफ्ट ह्यांनी एका रात्रीत चालू करून दिली होती, आठवतं? मालकानं खूश होऊन बाटली दिली होती, लाकडी डब्यातली... हां, तीच. तर कामावरचे दोघं-तिघं आले होते घरी. हे मला म्हणाले, एका ग्लासात ही ओत, दुसऱ्यात आपली नेहमीची, या लोकांना फरक दाखवतो. आणि मला मेलं ते बूच काही निघेना. म्हटलं, कोण झटापट करत बसणार? दोन्ही ग्लासांत नेहमीचीच ओतली आणि नेऊन ठेवली समोर. काय सांगू तुला! अर्धा तास भाषण. ही बघा, घशातून कशी अलगद उतरते, आणि ही बघा, कशी ओरबाडत जाते! ते दोघं-तिघं माना डोलावतायत. मी आपली ओट्यापाशी तोंडावर हात दाबून उभी.

अजून सांगितलं नाहीये त्यांना. तूही बोलू नकोस... अगं, एवढ्यानं हसू नकोस, दुकानदार बघत असेल.

नाही, अगदीच काही नसतं असं नाही म्हणत मी. जाणकाराला चव कळत असेल. सकाळी डोकं कमी धरत असेल. ज्याला सोसतं त्यानं खुशाल घ्यावी महागातली, आपलं काही म्हणणं नाही...

काय?... परत बोल.

स्वस्तातलीनं तब्येत बिघडली. चांगल्यातली घेतली तर त्रास होत नाही... हे कुणी सांगितलं तुला?

डॉक्टरांनी? चिऊ, डॉक्टर तुझ्याशी कधी बोलले?

दादा म्हणाला.

कधी?... काल दुपारी. फोन करून. म्हणजे मी भाजी आणायला गेले होते तेव्हा... ऐकतेय गं, ऐकतेय. काही नाही झालं, जरा कठड्याला टेकले.

काय म्हणाले ते नीट सांग. अगदी जसंच्या तसं... "डॉक्टरांनी फक्त हलकी बंद करायला सांगितलीय. चांगल्यातली आण. वहिनीला विचारू नकोस, तिला सरप्राइज देऊ."... बरं. आणि तू विचारलंस ते कशामुळे?... भिंतभर बाटल्या बघून गोंधळलीस. चांगल्यातली म्हणजे नेमकी कुठली, तेच कळेना. बरं झालं बाई. फार बरं झालं.

नाही, रागावले नाही तुझ्यावर. तुझा काय दोष? ऐक, हातात बाटली आहे का तुझ्या?... ती खाली ठेव आधी. ठेवलीस?

गेल्या हिवाळ्यात आम्ही तुझे फोन घेत नव्हतो... हो, फिरायला गेलोय, तिथं रेंज नाही, असं सांगितलं होतं मी. कुठं गेलो नव्हतो. दवाखान्यात होतो. रक्ताची उलटी झाली होती त्यांना. बेसिन भरून. मी नळ सोडला आणि नुसती बघत उभी राहिले.

कळतंय गं. सांगायला हवं होतं. पण त्यांनी शपथ घातली होती. बाप गेल्यावर तुला लहानाची मोठी केली त्यांनी, तुझ्यासमोर मान खाली घालायची नव्हती त्यांना. मीही मूग गिळून बसले.

ऐक ना, आता जे विचारतेयस ना, तेच मी डॉक्टरांना विचारलं होतं. म्हटलं, स्वस्तातली बंद करते. चांगल्यातली, महागातली, अगदी घोटभर, चालेल का? डॉक्टर हसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, जास्तीचे पैसे चवीचे असतात, जाड काचेचे असतात, डब्याचे असतात. लिव्हरला दोन्ही सारख्याच. आता घोटभरही नको. नाहीतर पुढच्या वेळी इथवर आणायलासुद्धा वेळ मिळायचा नाही.

समोर होते की! खाटेवर बसून ऐकत होते. मान हलवली होती त्यांनी. म्हणजे माहीत आहे गं त्यांना. सगळं माहीत असून तुला फोन केला.

रडू नकोस... अगं, दुकानात आहेस तू. बाहेर ये बरं आधी. ये बाहेर.

घरात थेंब नाही. खाली उतरता येत नाही त्यांना, चार मजले, पाय सुजतात. आयुष्यभर लोकांच्या लिफ्ट चालू ठेवल्या आणि आपल्याच इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून रोज उठून कुरकुर करतात. मी मात्र मनातल्या मनात त्या जिन्याचे पाय धरते.

मला वाटलं होतं, सुटली. संध्याकाळी पत्ते खेळतो आम्ही. हाताची थरथर कमी झालीय. परवा शेजारच्यांची बेल दुरुस्त करून दिली त्यांनी, बारीक स्क्रू, एकसुद्धा खाली पडला नाही. मी दिवसभर हरखून होते. आणि काल मी पिशवी घेऊन खाली उतरले, तेवढ्यात...

राग? येतोय ना. पण राग परवडला. भीती वाटते चिऊ, फार भीती वाटते.

थांब, थांब जरा... अहो, काय?... इथेच आहे, गॅलरीत.

फोनवर? कोणी ना—... चिऊ आहे.

दुकानापाशी आहे ती. हो, तुम्ही पाठवलंत त्याच. मला सगळं सांगितलं तिनं. आणि मीही तिला सगळं सांगितलं. दवाखान्याचंसुद्धा.

ओरडायचं तर ओरडा. पण हा फोन घ्या आधी. तुम्हीच सांगा तिला, स्वस्तातली आणायची का महागातली. तुम्ही म्हणाल ती आणेल ती. तुमचा शब्द कधी खाली पडू दिलाय तिनं? घ्या ना. धरा.

हॅलो?... नाही गं, मीच आहे अजून. घेत नाहीयेत. हात पुढे केला होता, परत मागे घेतला.

खाली बसलेत. इथेच, फरशीवर... नाही, ओरडले नाहीत. तोंड झाकून घेतलंय दोन्ही हातांनी. खांदे हलतायत.

काहीतरी म्हणतायत, थांब... अहो, मला नाही ऐकू आलं. मोठ्यानं बोला, तिलाही ऐकू दे.

ऐकलंस?... "नको आणू" म्हणाले. हो, त्यांच्या तोंडानं म्हणाले. मी नाही वदवून घेतलं.

टिकेल का, मला काय माहीत गं? उद्या परत दुसऱ्या कुणाला फोन करतील, मी काय पहारा देऊ? पण आज नको म्हणाले. आजच्यापुरतं मला तेवढं पुरे आहे.

उद्या? ये ना, येच तू. सकाळीच ये, दिवसभर बस त्यांच्यापाशी... नको, शर्टही नको. हात हलवत ये.

ठेवते मी. खाली बसते जरा त्यांच्याशेजारी.