चेंडू कुणाचा

मनगट मोडलेली मार्जोरी इस्पितळात आपला नंबर येण्याची वाट पाहत होती. शेजारी बेसबॉलच्या मळक्या गणवेशात दोघे बसले होते.

“चेंडू उंच गेल्यावर तू ओरडलास का, कर्टिस?”

“‘माझा’ म्हणालो ना, व्हर्जिल.”

“मला नाही ऐकू आलं.”

“हळू म्हणालो. झेल सुटला असता, तर सगळे हसला असतात.”

“मैदानाच्या टोकाला उभं केलं, त्याच दिवशी शिकवलं होतं ना? आधी ओरडायचं, मग धावायचं. डेल थांबला असता रे. डोकी आपटली नसती.”

“शुद्धीवर येईल ना तो?”

“गप्प बस. त्याची बायको येतेय.”

“एका चेंडूमागे दोघं कसे धावले, व्हर्जिल?”

“दोघंही एकदमच ओरडले, लोरेटा.”

“नाही,” कर्टिस म्हणाला. “चूक माझी.”

हे मात्र शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.