चुर्, गण दहावा

(शिक्षकांची खोली, सकाळचे सव्वादहा. विज्ञानाच्या बाईंचा उजवा पाय प्लास्टरात, मांडीवर वह्यांचा गठ्ठा. समोर संस्कृतचे सर, दारात शिपाईमामा.)

बाई : ...आणि ही तिसरी वही. "चुर् हा दहाव्या गणातला धातू आहे. अर्थ, चोरणे." सर, हे काय आहे?

सर : बरोबर आहे की. अक्षरही काय सुरेख आहे मुलीचं!

बाई : दहाव्या गणात निकेल असतं, सर! पॅलॅडियम असतं, प्लॅटिनम असतं. चोरणे नसतं!

शिपाईमामा : प्लॅटिनम असेल तर चोरणे आपोआप येईल, बाई.

बाई : मामा, तुम्ही गप्प बसा. सर, मी पाय मोडून तीन आठवडे घरी पडले. आठवी 'ब'चे माझे तास तुमच्याकडे दिले. तुम्हाला काय शिकवायला सांगितलं होतं?

सर : ही बघा मोठ्या बाईंची चिठ्ठी, खिशातच आहे. "आठवी ब. बाई येईपर्यंत धातू आणि त्यांचे गण पूर्ण करून घ्यावेत." घेतले पूर्ण करून. दहाच्या दहा.

बाई : अठरा असतात!

सर : दहा, बाई. माझ्या आजोबांच्या आजोबांच्या वेळीही दहाच होते.

बाई : अहो, धातू म्हणजे लोखंड! तांबं! सोडियम! आवर्तसारणीतले!

सर : ...अरे देवा.

शिपाईमामा : मग सरांचा धातू कुठला?

सर : क्रियापदाचं मूळ हो, मामा. "लिहितो"च्या पोटात "लिह्" असतो ना, तो धातू. संस्कृतात त्यांचे गट पाडलेत, ते गण.

बाई : आणि तुम्हाला एकदाही शंका आली नाही? विज्ञानाचा तास, भिंतीवर सारणीचा एवढा थोरला तक्ता!

सर : त्याची मागची बाजू कोरी होती. फार उपयोगी पडली.

बाई : सर!

सर : शंका कशाला घेऊ, बाई? माझ्या वर्गात चार मुलं. त्यातली दोन चुकून आलेली. पोरं मला "मोकळ्या तासाचे सर" म्हणतात, कानावर येतं माझ्या. आणि इथे एकदम एकेचाळीस जण! एकानं म्हणून जांभई दिली नाही. मला वाटलं, कुणाला तरी माझ्या विषयाची आठवण झाली.

बाई : मुलांनी तरी विचारायचं!

सर : विचारलं ना. "सर, हे परीक्षेला आहे?" मी म्हटलं, आहे. मिटलं.

बाई : सर, अकराला तपासणीचे साहेब येतायत. आठवी 'ब'लाच तोंडी विचारणार, याच धड्यावर. त्यावर मला नोकरीत कायम करायचं की नाही ते ठरणार. दोन वर्षं डोळे लावून बसलेय मी. तुम्ही माझा सत्यानाश केलात!

सर : कर्तृकर्मसंकर.

बाई : काय?

सर : प्रयोग. "तुम्ही सत्यानाश केलात." माफ करा बाई, मी घाबरलो की तोंडातून व्याकरणच बाहेर पडतं. मुलीच्या जन्माच्या वेळी डॉक्टरांनासुद्धा विभक्ती सांगितली होती.

बाई : मी आता रडणार आहे.

शिपाईमामा : रडा, पण लवकर आटपा. पाऊण तास उरलाय, आणि तुम्हाला दोन जिने उचलून न्यायचंय.

सर : थांबा, थांबा. बाई, तुमच्या गणांत असतं तरी काय? एका गणातले सगळे सारखे वागतात का?

बाई : सारखेच. बाहेरच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन सारखे, म्हणून वागणूक सारखी.

सर : मग हे येतंय की पोरांना! गणातला एक धातू चालवता आला की बाकीचे चालवता येतात, हेच तर घोकून घेतलंय. पुढे?

बाई : पहिला गण. सोडियम, पोटॅशियम. बाहेरच्या कक्षेत एकुलता एक इलेक्ट्रॉन, आणि तो कधी एकदा दुसऱ्याच्या गळ्यात घालतोय असं झालेलं.

सर : परस्मैपदी!

बाई : सर, हात जोडते.

सर : अहो, ऐका तर. परस्मै म्हणजे दुसऱ्यासाठी. आत्मने म्हणजे स्वतःसाठी. देतो तो परस्मैपदी. तुमच्यात घेणारा कोण?

बाई : ...क्लोरीन. सतरावा गण. पण तो अधातू.

सर : आत्मनेपदी. आणि दोन्हीकडून खेळणारा?

बाई : ॲल्युमिनियम. म्हणजे त्याचं ऑक्साइड. आम्लाशीही जमवतं, आम्लारीशीही.

सर : उभयपदी!

शिपाईमामा : आपले उपमुख्याध्यापक.

बाई : मामा! ...बरं, लोखंड गंजतं, ऑक्सिजन लागून. त्याचं काय करणार?

सर : प्रत्यय लागला, रूप बदललं. आत धातू तोच.

बाई : अय्या, हे चालेल. गुणधर्म राहिले. ठोकलं की पत्रा होतो, ओढलं की तार होते, वाजवलं की नाद येतो.

शिपाईमामा : मोठ्या बाईंचं भाषण. ओढाल तेवढं लांबतं आणि वाजतच राहतं.

बाई : हसवू नका हो, पाय ठणकतो. मामा, खुर्ची आणा आणि कवायतीच्या सरांना हाक मारा, दोघांनी मिळून उचला मला. सर, तुम्ही पुढे पळा. आधी तो तक्ता सुलटा करा आणि मी पोचेपर्यंत हे परस्मैपदी सोडियम पोरांना सांगायला लागा!

*

(पुन्हा शिक्षकांची खोली, तपासणी संपल्यावर.)

सर : उतरवलं का तुम्हाला? मी ग्रंथालयात होतो. कपाटामागे. तिथं काही ऐकू येत नाही.

बाई : ती सगळ्यात वाईट पाच मिनिटं होती सर माझ्या आयुष्यातली. साहेबांचा पहिलाच प्रश्न, "गण किती?" अर्धा वर्ग ओरडला दहा, अर्धा ओरडला अठरा.

सर : गेलं सगळं.

बाई : मग ती सुरेख अक्षरवाली उठली. म्हणाली, "साहेब, कुणाचे? सरांचे दहा, बाईंचे अठरा."

सर : असं म्हणाली?

बाई : साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "बरं, सोडियम रॉकेलमध्ये का ठेवतात?" तर म्हणते, "परस्मैपदी आहे साहेब. उघड्यावर ठेवला की मिळेल त्याला इलेक्ट्रॉन देत सुटतो. पाण्याला द्यायला गेला तर पेटतो."

सर : आणि आत्मनेपदी?

बाई : क्लोरीन, म्हणाली. आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आणि माझी ताई."

शिपाईमामा : साहेब दारात येऊन हसले, बरं का. मी बघितलं. हसले आणि परत आत जाऊन गंभीर झाले.

बाई : मग विचारलं, "हे असं कुणी शिकवलं?" मी सांगून टाकलं. तीन आठवडे मी नव्हते, संस्कृतच्या सरांनी घेतला वर्ग.

सर : अहो, पण कशाला? नोकरी तुमची टांगणीला लागलेली!

बाई : दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर खपवायचं म्हणजे दहावा गण झाला की, सर. तुम्हीच शिकवलंत.

सर : ...शेरा काय मारला?

बाई : "पाया पक्का. पद्धत समजली नाही. बाईंना कायम करावे."

सर : विध्यर्थ. "करावे." विध्यर्थ आहे तो.

बाई : आता कशाला घाबरताय? झालं सगळं नीट! पेढे नाहीत, पण चहा पाजते मी आज. आणि उद्या पाचव्या तासाला वर्गावर या. अधातू सुरू करायचेत.

सर : मी? अधातूंत मी काय करू, बाई? माझा सगळा संसार धातूंचा. मुलं हसतील.

बाई : मी कुठे बोलावतेय? मला खाली आणत होते तेव्हा ती मुलगी जिन्यात मागे धावत आली. म्हणाली, "बाई, अधातूंनासुद्धा आपले सर येणार ना?"

सर : "आपले" म्हणाली?

बाई : हो.

सर : मोकळ्या तासाचे नाही?

शिपाईमामा : आपले सर, म्हणाली. खुर्ची माझ्या हातात होती, मी ऐकलं.

सर : षष्ठी आहे ती, बाई. "आपले." षष्ठी विभक्ती. अर्थ, संबंध.