बांगड्यांची खूण

नयन – आजी, हात जरा मांडीवर ठेवता का?

सुखीबाई – काहून मॅडम? मी तं ठोकळ्यायले हातबी नाई लावला.

नयन – लावला नाहीत. पण तुमच्या बांगड्या वाजतात.

सुखीबाई – कोपरापर्यंत हायेत, वाजणारच. श्वास घेतला तरी वाजतेत.

नयन – मग आत्ता बोलताना का नाही वाजल्या? ममताचा हात ठोकळ्यावर गेला की वाजतात. एकदा वाजल्या की ती लाल बाजू वर करते, दोनदा वाजल्या की पांढरी. तिच्याही हातात दोन आहेत, त्या बिचाऱ्या गप्प.

ममता – दादी, आता कोणता?

सुखीबाई – चूप बस वं पोट्टे!

नयन – तिला नका रागवू. ममता, हे खडू घे, त्या टेबलावर तुला हवं ते चित्र काढ. हं, आजी. घरी शिकवून आणलंत ना?

सुखीबाई – मागच्या महिन्यात हिले इथं तपासणीले घेऊन आलो, तवा तुमी हेच ठोकळे मांडले होते. कागदावरच्या चित्रासारखं जोड म्हणे. सात वर्षाची पोट्टी, नुसती पाहत राह्यली. घरी गेलो अन् लाल-पांढऱ्या कापडाचे तुकडे कापले. आमच्या तांड्यातल्या बाया असेच तुकडे जोडून कशिदा करतेत. तुमचे चित्रं माया ध्यानात होते. रोज चुलीपाशी बसवली तिले.

नयन – पण आज मी चित्रं बदलली.

सुखीबाई – थेच तं! म्हणून वाजवा लागल्या.

नयन – आजी, ही काही परीक्षा नाही हो.

सुखीबाई – तुमाले नसंन. आमाले हाय. शाळेतले सर म्हणतेत, हे लेकरू मंद हाय, यवतमाळले वसतिगृहात टाका. तुमच्या तपासणीत नापास झाली तं नेतीलच ना तिले? पोरगा-सून ऊस तोडाले गेले. हिले माया भरोशावर सोडून गेले. ते आल्यावर मी काय सांगू? कुठी हाय पोट्टी?

नयन – हे मला आधी सांगायचं होतंत.

सुखीबाई – तुमी इचारलं काय? तुमी इचारलं दात कवा आले, चालाले कवा लागली.

नयन – खरंय. तेही विचारायला हवं होतं. आता माझं ऐका. मी पास-नापास लिहीत नाही. तिला काय जमतं, काय अडतं आणि कसं शिकवलं की जमतं, एवढंच लिहिते. तुमच्या बांगड्यांच्या जोरावर मी आज लिहिलं की हिला सगळं येतं, तर उद्या वर्गात ती मागच्या बाकावर बसेल. तिथे अडली की कोण वाजवणार?

सुखीबाई – अन् खरं लिवलं तं? नेतील?

नयन – आईबापाच्या मर्जीविरुद्ध कोणी नेऊ शकत नाही. तांड्याच्याच शाळेत राहून तिला शिकवायला वेगळ्या बाई येऊ शकतात. तसं मी लिहीन. पण त्यासाठी आधी तिचं ती काय करते, ते मला दिसायला हवं.

सुखीबाई – पोट्टी तांड्यातच राहीन, असं लिवसान?

नयन – लिहीन, आणि सरांशी फोनवर बोलेनही.

सुखीबाई – या बांगड्या तं निघत नाईत, मॅडम. लग्नात चढवल्या. ओढणीत गुंडाळतो दोन्ही हात. हे पाहा. चालते?

नयन – चालतं. ममता, ये. बघ, हे एक मी जोडते. हा असा फिरवला, हा असा. आता हे दुसरं चित्र तुझं.

ममता – दादी, वाजव ना.

सुखीबाई – बांगड्या निजल्या, माय.

ममता – उठव.

सुखीबाई – नाई उठत आता.

(ममता ठोकळे एकमेकांना लावते, काढते, पुन्हा लावते.)

सुखीबाई – चुकून राह्यली, मॅडम.

नयन – चुकू द्या.

सुखीबाई – माया हात खाजून राह्यला.

नयन – खाजू द्या.

ममता – हे नाई… हे उलटं हाय.

सुखीबाई – फिरवला! तिचा तिनं फिरवला!

नयन – श्श! शाब्बास, ममता. आणखी एक करशील?

ममता – दे.

नयन – पाहिलंत, आजी? मागच्या वेळी मी तोंडी सांगत होते, तेव्हा एकही जमलं नाही. आज मी एक चित्र हातानं करून दाखवलं, तर पुढची दोन तिनं केली. वेळ घेतला, पण केली.

सुखीबाई – मंग सर खोटं बोलतेत?

नयन – ती मागे आहे, हे मी लपवणार नाही. तोंडी सांगितलेलं समजायला तर तिला बराच वेळ लागतो. पण डोळ्यांसमोर करून दाखवलं की शिकते. तुम्ही महिनाभर चुलीपाशी तेच करत होतात. ते कापडाचे तुकडे टाकू नका. नव्या बाई आल्या की त्यांना द्या.

सुखीबाई – टाकतो कायले! पण मॅडम, ते शेवटचं चित्र मले पाहू द्या. आमच्या कशिद्यात हे नाई. लाल इकडं… नाई, तिकडं… बाप्पा! हा तिरपा कोपरा कुठून आला?

ममता – हात काढ ओढणीतून, दादी. पहिले नीट पाह चित्राकडं. अडली तं मी वाजवतो.