आतला खिसा

माझ्या पँटची उंची कमी होईपर्यंत मी शिंप्याच्या दुकानात बाकावर बसून होतो. तेवढ्यात त्याची मुलगी शाळेतून थेट तिथेच आली.

"हा घे तुझा युनिफॉर्म. आतून खिसा लावलाय. पॅड बसतं का बघ."

"बाबा, हळू बोल ना!"

"हळूच बोलतोय. मशीन चालूय."

"बसतं. पण हे वेल्क्रो? उघडताना चर्रकन वाजेल. अख्खा वर्ग वळून बघेल."

"अरेच्चा! दे इकडे, उसवतो. टिचबटण लावू?"

"तेही वाजतं."

"मग नुसती झडप ठेवतो. काही पडायचं नाही, माझी जबाबदारी."

"पण तुला सांगितलं कुणी? आईनं?"

"सांगायला कशाला हवं? परवा इथल्या बाथरूमला अख्खं दप्तर घेऊन गेलीस, तेव्हाच कळलं."

"आईच्या ड्रेसला आहे असा खिसा?"

"नाही. ती कधी काही बोलली नाही गं."

"मी तरी कुठे बोलले होते?"

मशीन थांबलं.

"तिचा कामावर जायचा निळा ड्रेस उद्या घेऊन ये."

"तिला काय सांगू?"

"तू काही सांगू नकोस. खिसा कुठे हवाय ते मीच विचारतो."