उताराला दीड तास

जमलेल्या आयाबहिणींनो, भावांनो, आणि तालुक्यातली एकही दशक्रिया न चुकवणाऱ्या पुढाऱ्यांनो,

माझ्या हातात माईक आला की लोक आधीच हसायच्या तयारीनं बसतात. आज तसं बसू नका. आज मला धड बोलता येईल असं वाटत नाही.

तळेघरच्या स्टँडवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सखाराम नानांची सुमन नर्स म्हणून दुबईला निघाली, तेव्हा तिचं तिकीट मीच छापून दिलं. नानांनी चष्मा पुसून त्यावरच्या दोन वेळा वाचल्या. मुंबईहून दहाला सुटणार, दुबईला साडेअकराला पोचणार. म्हणाले, "दीडच तास? आपली येष्टी मंचरला दोन तास घेती, राव. लेक मंचरच्या अलीकडंच ऱ्हायली म्हणायची."

मी समजावलं. नाना, तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागं असतं. विमान तीन तास उडतं. जवळजवळ दोन हजार किलोमीटर आहे. नानांना पटलं नाही. पुढं सुमन सुट्टीला यायची ठरली, तेव्हाचं तिकीट दाखवलं. दुबईहून दहाला, मुंबईत अडीचला. साडेचार तास. म्हटलं, आता बोला. नानांनी जरा विचार केला.

"त्यात काय? जाताना उतार हाय. येताना चढ."

डोंगरातल्या माणसाचं अंतर असंच असतं. भाताच्या खाचरात उतरायला पाव तास, घरी चढायला अर्धा. वाट तीच. पण मी हा किस्सा गावोगाव नेला. मंचरच्या कार्यक्रमात त्यावर टाळ्या घेतल्या. नाना दिसले की विचारायचो, काय नाना, उताराला काय म्हणतेय लेक? नाना हसायचे. त्यांना वाटायचं, मला पटलं.

सुमन, मी तुझ्यासाठी उभा राहिलोय. आल्यापासून तू एकच विचारतेयस. नानांनी मला बोलावलं का नाही? रागावले होते का?

नाही गं. त्या सोमवारी ते दुकानात आले. बाकावर बसले. म्हणाले, "छातीत जड वाटतंय. पोरीला बोलवू का रं?" माझ्या मशीनमध्ये कागद अडकला होता. मान वर न करता मी म्हणालो, "नाना, येताना चढ आहे. कशाला दमवता तिला?"

मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत.

"व्हय," म्हणाले. "चढाला लई दमंल पोर. भात काढायला येईलच की." आणि उठून गेले.

बुधवारी नाना गेले. तू पोचलीस तेव्हा राख निवली होती.

रागावले नव्हते ते, सुमन. तुझे पाय दुखू नयेत म्हणून गप्प राहिले. विमानात पाय दुखत नाहीत, एवढं एक वाक्य सांगायचं होतं मला. एरवी माझं तोंड मिटत नाही. नेमकं तेव्हा ते दुसरंच काही बोलून मोकळं झालं.

आता उभे राहू या. किती मिनिटं, ते मी सांगणार नाही. खाचरातून चढून आले की नाना दारातल्या दगडावर बसायचे आणि दम खाली बसेपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत. तेवढा वेळ आपणही बोलू नये.

नाना, रामराम.