सुटलेली न्यूट्रल

बायको : अहो, बघा ना! मघाशी दिवा डोळे दिपवत होता, आता नुसता मिणमिणतोय. पंखाही रेंगाळलाय.

नवरा : टीव्ही बंद कर. नाही, थांब! आधी मेन खाली ओढ.

बायको : कुठलं मेन?

नवरा : दारावरचा काळा खटका. अगं, जन्म गेला त्या दारातून ये-जा करण्यात!

बायको : घरात वायरमन असताना मी कशाला वर बघू? ओढला. गेलं सगळं.

नवरा : जाऊ दे. न्यूट्रलची तार सुटलीय, म्हणून व्होल्टेज वरखाली होतंय. एकेक वस्तू जळाली असती.

बायको : पण तुमच्या हवेच्या गादीचा पंपही बंद पडला. हवा उतरली की पाठीची जखम पुन्हा चिघळेल.

नवरा : पाठीचं नंतर. जिन्याखाली मीटरपाशी बघून ये. लांबूनच. हात लावू नकोस.

(ती जाऊन येते.)

बायको : जळका वास येतोय. एक तार काळी पडून लोंबतेय. स्क्रूड्रायव्हर आणते, कुठे आवळायचं तेवढं सांगा.

नवरा : वेड लागलंय का? मेन खाली असलं तरी तिथे करंट असतो.

बायको : मग तुम्हाला चाकाच्या खुर्चीत घालून खाली नेते.

नवरा : नेऊन काय करू? हा हात घास तोंडापर्यंत नेत नाही, तार काय आवळणार! सगळ्या गल्लीचं वायरिंग केलं मी... तक्रारीला फोन लाव.

बायको : लावतेच आहे. कुणी उचलत नाही.

नवरा : लावत राहा. आणि मला जरा कुशीवर कर. गादी बसली गं.

बायको : हं, टेका माझ्यावर. हॅलो? हॅलो! अहो, उचलला!

*

लाइनमन : काकू, खाली झालं काम. न्यूट्रल जळाली होती, नवी टाकली. मेन वर करा.

नवरा : तारेचं टोक नीट घासून घेतलंस ना रे बाबा?

लाइनमन : घेतलं काका. रोजचंच आहे आमचं. येतो.

बायको : चला, तुम्हीच करा वर. खुर्ची दारापाशी नेते, हात मी धरते.

नवरा : नको. तू कर. आधी फ्रीज, टीव्ही बंद आहेत ना बघ. मग मेन. मग एकच दिवा.

बायको : केलं. लागला.

नवरा : थरथरतोय?

बायको : नाही.

नवरा : आता खाली ओढ आणि पुन्हा पहिल्यापासून कर. मी काही सांगणार नाही.