कड्यावरचं आंब्याचं झाड

हूऽऽऽ... हूऽऽऽ...

घाबरू नका मंडळी, म्हाताऱ्याला काही झालेलं नाही. हा वारा आहे. याच खोलीत, या भिंतीपाशी, शिडीवर उभा राहून एक माणूस तोंडाने असा वारा काढायचा. मी पलीकडच्या वर्गात कविता शिकवत असायचो. भिंतीतून हा आवाज यायचा आणि पोरं कविता सोडून खिदळायला लागायची. मी खडू ठेवून तणतणत इकडे यायचो. "वामन, अरे शाळा आहे ही!" तो खाली न बघताच म्हणायचा, "आवाज काहाडल्याबिगर गवत वाकत नाई, गुरुजी."

किती वर्षं झाली. आवाज तसाच कानात आहे. आवाज काढणारा मागच्या सोमवारी गेला.

देवळीहून आलेल्या पाहुण्यांनो, नाचणगावच्या सोयऱ्यांनो, आणि माझ्या गावकऱ्यांनो, मला बोलायला उभं केलंत. मी चाळीस वर्षं बोलूनच पोट भरलं. पण आजची पाळी माझी नव्हती. वामन पेंटर माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्याने माझ्याबद्दल बोलायचं, असं आमचं ठरलेलं होतं. त्याने शब्द मोडला. आयुष्यात एकदाच मोडला.

बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगतो. वामन पोटासाठी वांगी आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, पिकवायचा. पहाटे सायकलला सांबाराच्या जुड्या बांधून पुलगावच्या बाजारात, आणि दुपारी हातात ब्रश. उन्हाळ्यात लग्नसराई आली की या पंचक्रोशीतल्या लग्नघराच्या भिंती त्यानेच रंगवायच्या. दाराच्या एका अंगाला गणपती, दुसऱ्या अंगाला हत्ती, वर नवरा-नवरीचं नाव, भोवती पोपट आणि वेलबुट्टी. इथे बसलेल्यांपैकी कितीजणांचं नाव वामनने भिंतीवर लिहिलं होतं? हात वर करा बरं. पाहा! अर्धी सभा त्याच्याच हाताने बोहल्यावर चढलेली आहे.

आता माझ्या मागे पाहा.

हा पहाड. हा वामनने कोणाच्या लग्नासाठी काढला नाही. हा त्याने स्वतःसाठी काढला. तरुणपणी तो केदार-बद्रीच्या यात्रेच्या बसमध्ये स्वयंपाक्याच्या हाताखाली गेलता... पाहा, त्याचं नाव निघालं की माझी भाषाही त्याची होते. तर, गेला होता. यात्रेकरूंसाठी कांदे चिरायला. एका मुक्कामाला बस बिघडली. याने कांद्याचं पोतं सोडलं आणि एका मेंढपाळाच्या मागे वर चढत गेला. देवदार संपले. मग खुजी झुडपं संपली. मग नुसतं गवत आणि दगड. मेंढपाळ म्हणाला, इथून वर झाड नाही. वामनने विचारलं, काऊन? मेंढपाळाने नुसता हात वाऱ्यात धरला. वामन त्या धारेवर पाव घंटा उभा राहिला. खाली आला तेव्हा स्वयंपाक्याने त्याला लई बोल लावले. पण तो पाव घंटा त्याला जन्मभर पुरला.

मंडळी, आपल्याकडे काय आहे? सपाट शेतं. कपाशी, तूर, सोयाबीन. उंच म्हणजे पाण्याची टाकी. अशा गावात एका माणसाने शाळेच्या भिंतीवर बोडका पहाड काढला. दगडाच्या धारेवर धार, एकाच दिशेला झोपलेलं गवत, आणि आभाळ. भोवती मात्र लग्नाची चौकट. तेच पोपट, तीच वेलबुट्टी. मी विचारलं, "वामन, पहाडाला पोपटांची चौकट?" म्हणाला, "पाहाड बिचारा एवढा उघडा उभा हाय, गुरुजी. त्याले कोनीतरी नटवाव ना."

शिडीखाली कौसावहिनी बसलेल्या असायच्या, त्याची बायको. घमेल्यात रंग कालवत. चुलीची राख, चुना, नीळ, बाभळीचा डिंक. माप काही नाही. तो वरून नुसता म्हणायचा, "थोडं थंडं कर." आणि त्या रंग थंड करायच्या! कसा करायच्या, देव जाणे. दगडाचा हा जो रंग आहे, पावसाळ्याआधीच्या पहाटेसारखा, तो त्या घमेल्यातला आहे.

आता माझा गुन्हा सांगतो. होय, गुन्हाच. आज त्यासाठीच उभा आहे.

मी कवितेचा माणूस. पाठ्यपुस्तकात पर्वताची एक कविता होती. त्यात गर्द झाडी होती, सावली होती, पाखरं होती. मी डोळे मिटून ती म्हणायचो आणि वर्गच्या वर्ग डोलायचा. एकदा एका पोरीने विचारलं, "गुरुजी, कवितेतल्या पाहाडावर झाडं हायत. मंग भितीवरच्या पाहाडावर काऊन नाई?" मला उत्तर देता आलं असतं. मी म्हणू शकलो असतो, बाळ, कवी पायथ्याशी बसला होता, वामनकाका माथ्यावर गेले होते. पण मला ते सुचलं नाही. मी वामनला बोलावलं. म्हटलं, "एक झाड काढ."

"गुरुजी, तिथं झाड राहत नाई. वारा ठेवत नाई त्याले."

"पुस्तकात आहे, वामन."

बस्स. एवढंच म्हणालो. चौथी शिकलेला माणूस. पुस्तक म्हटल्यावर तो शिडी आणायला गेला. शिडी लावली. त्या दिवशी त्याने वाऱ्याचा आवाज काढला नाही. आणि जे झाड त्याच्या हातात बसलेलं होतं, जे त्याने शेकडो लग्नांच्या भिंतींवर काढलं होतं, तेच काढलं. ते पाहा. हिमालयाच्या माथ्यावर आंबा! पाडाला आलेला! गवत सगळं पूर्वेकडे झोपलेलं आणि हा गडी लग्नातल्या व्याह्यासारखा ताठ उभा.

हसा, हसा. वामनही हसायचा. पण या खोलीत आला की तो कधी या भिंतीकडे तोंड करून बसत नसे. ग्रामसभेत पाहिलंत ना तुम्ही? कायम पाठ करून. मला वाटायचं, विनय आहे. विनय नव्हता मंडळी. त्याला ते झाड बघवत नव्हतं.

हे मला कळलं मागच्या महिन्यात. मी त्याच्याकडे बसायला गेलो होतो. तो खाटेवर, भिंतीला टेकून. वहिनी मेथी निवडत होत्या. मी सहज माझी जुनी कविता म्हटली. तुम्हा सगळ्यांना पाठ आहे ती, मीच पाठ करून घेतली आहे.

कड्यावरुनी उडे एकले,
शुभ्र पाखरू नभात गेले...

या चित्रातल्या त्या पांढऱ्या पक्ष्यावरची. तो बघा, उजवीकडे वर. किती पिढ्यांना मी सांगितलं, हा राजहंस आहे, मुक्त आत्म्याचं प्रतीक आहे!

वामन म्हणाला, "गुरुजी, आता जायच्या टायमाले खोटं कायले ठेवू? तो पक्षी नाई. माही टोपी होय. वाऱ्यानं नेली तिथं."

मी म्हटलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तुमची कविता मस्त होती ना. टोपीवर कोन कविता करते?"

वहिनी मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "अन् टोपी माह्या बापानं लग्नात देल्ली होती. तवापासून सांगून राह्यले, वाऱ्यानं नेली म्हणून. मले तं वाटते, इकली असन यायनं."

आम्ही तिघं असे हसलो की वामनला ठसका लागला. पाणी प्यायला. मग माझा हात धरला. आणि मागितलं. जन्मात पहिल्यांदा त्याने माझ्याकडे काही मागितलं.

"गुरुजी, टोपी राहू द्या. पक्षीच म्हना तिले. पन ते झाड तेवढं काढून टाकजा. माह्या तेरवीचं जेवन त्याच खोलीत बसन. लोक वांग्याची भाजी खातीन अन् वर पाहतीन. म्हनतीन, वामन्या पाहाडावर गेलाच नाई, घरीच बसून गप्पा हाकल्या."

मी म्हटलं, काढतो. तेरवीच्या आत काढतो. शब्द दिला.

आज पाचवा दिवस आहे, मंडळी. झाड जागेवर आहे.

प्रयत्न केला नाही असं नाही. परवा पुलगावहून रंगाचा डबा आणला. दुकानदाराला म्हटलं, पहाडाचा रंग दे. त्याने कार्ड दाखवलं, मी बोट ठेवलं. इथे येऊन खालच्या कोपऱ्यात एक ठिपका लावून पाहिला. तो दिसतो का? बस स्टँडच्या मुतारीचा रंग आहे तो. त्या रंगाने झाड झाकलं, तर पहाडावर आंब्याऐवजी एक भला मोठा डाग राहील, आणि लोक जन्मभर विचारतील, तिथे काय होतं?

वामनच्या थोरल्या मुलाला म्हटलं, बाबा, तुझ्या आईला विचार, तो रंग कसा करायचा. तो विचारून आला. म्हणाला, "गुरुजी, आई काई बोललीच नाई. नुसती चुलीकडे पाहत राह्यली." माणूस जाऊन चार दिवस झालेले, आणि मी राखेचं माप विचारतो आहे. आपल्याकडे तेरवीपर्यंत घरच्या बाईने उंबरठा ओलांडायचा नाही. त्या इथे येणार नाहीत, आणि मी पुन्हा विचारणार नाही.

म्हणून आज तुमच्यासमोर कबूल करतो. वामन खरं सांगत होता. तो तिथे गेला होता. तिथे झाड नाही. तेरवीला इथे जेवायला बसाल तेव्हा ते झाड दिसलं, तर ते वामनचं समजू नका. ते माझं आहे. ज्याने पहाड कधी पाहिला नाही, त्याचं आहे. मला शब्द पाळता आला नाही, पण निदान चूक कोणाची, ते तरी सांगून ठेवतो.

मला दुःख आहे का? आहे. पण खरं सांगू, पोट भरल्यासारखंही वाटतं. अशा माणसाच्या शेजारी मी आयुष्य काढलं. इथे पंखा बंद पडला की उन्हाळ्यात मी या भिंतीखाली येऊन बसायचो. अंगावर वारा यायचा. खोटं नाही सांगत. वैशाखात, आपल्या वर्ध्याच्या वैशाखात, वारा यायचा.

तर आता उभे राहू या. दोन मिनिटं. एरवी आपण मान खाली घालतो, डोळे मिटतो. आज तसं नको. डोळे उघडे ठेवा आणि वर पाहा. आंबा सोडून बाकी सगळं पाहा. गवत पाहा. टोपी पाहा. आणि जमलं तर ऐका...

कोण आहे दाराशी? मागच्यांनो, काय गडबड आहे?

अहो, वाट द्या. सरका, सरका. वहिनी?

वहिनी, तुम्ही? तेरवी व्हायची आहे अजून, आणि तुम्ही... अहो, ते घमेलं घ्या ना कोणीतरी त्यांच्या डोक्यावरचं!

काय म्हणता? जरा मोठ्याने, मला ऐकू येत नाही.

ऐकलंत मंडळी? वहिनी म्हणतात, "रंग सुकून राह्यला, गुरुजी. भाषन मंग करजा."

बसू नका कोणी. उभेच राहा, आणि शांत राहा. थोरल्या, व्हरांड्यातली शिडी आण, आंब्याखाली लाव. मी धरतो.